विश्लेषण : राजकोटचा पुतळा, ‘छावा’ आणि सिंधुदुर्गची तटबंदी… इतिहासावरचा सरकारी खर्च कसा ठरतो?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला, नऊ महिन्यांच्या आत कोसळला आणि ११ मे २०२५ रोजी त्याच जागी ६० फुटी पुतळा उभा राहिला. पहिल्या पुतळ्यासाठी राज्य सरकारने नौदलाकडे अडीच कोटी रुपयांच्या आसपास निधी वर्ग केला होता. दुसऱ्याचे काम ३१ कोटी ७५ लाखांना देण्यात आले. म्हणजे उंची पावणेदोन पट आणि खर्च जवळपास तेरा पट. याच किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. याच दरम्यान ‘छावा’ या चित्रपटाने गर्दी खेचली आणि त्यापाठोपाठ राज्याच्या अर्थसंकल्पात नव्या स्मारकांच्या घोषणा झाल्या. पुतळा, चित्रपट, महोत्सव, किल्ला या सगळ्यांत इतिहास आहे आणि सरकारी पैसाही आहे. पण तो कशासाठी लगेच निघतो आणि कशासाठी वर्षानुवर्षे अडतो?

पहिल्या पुतळ्याचे नेमके काय झाले?

नौदल दिन दरवर्षी ४ डिसेंबरला साजरा होतो. २०२३ मध्ये तो मालवणला घेण्याचे ठरले. मराठा आरमाराच्या भूमीत नौदल दिन, तारकर्लीच्या किनाऱ्यावर युद्धनौकांची प्रात्यक्षिके आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण असा हा कार्यक्रम होता. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला होता. मालवणचा सोहळा त्याच धोरणाचा पुढचा टप्पा होता.

सोहळ्याची तारीख आधी ठरली होती आणि पुतळा त्या तारखेला तयार हवा होता. एवढ्या मोठ्या शिल्पाला मातीचे प्रारूप, त्याची मंजुरी, साचे, ओतकाम, जोडणी आणि पायाचे काम यांत सहसा काही वर्षे जातात. इथे सगळे काही महिन्यांत उरकले.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी पुतळा कोसळला. पावसाळा होता, वारा होता. पण मालवणच्या माणसाला ऑगस्टातला वारा नवा नाही. त्या भागातली माडाची झाडे आणि कौलारू घरे जागेवरच राहिली आणि पुतळा तेवढा पडला, हे लोकांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे वाऱ्याचे कारण किनाऱ्यावर कुणाच्या गळी उतरले नाही.

पुढचे दिवस राजकारणाने व्यापले. किल्ल्यावर दोन गटांचे कार्यकर्ते भिडले. मुंबईत विरोधकांचे ‘जोडे मारो’ आंदोलन झाले. ३० ऑगस्टला पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी माफी मागितली. शिल्पकार आणि बांधकाम सल्लागारावर मालवणात गुन्हा दाखल झाला. दोघांना अटक झाली आणि नंतर उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. या गदारोळात एक साधी बाब मागे पडली. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र पाठवले होते. पुतळ्याच्या जोडणीतले नट-बोल्ट गंजत असल्याचे त्यात कळवले होते.

पैसा एकाचा, काम दुसऱ्याचे, मग देखभाल कोणाची?

ते पत्र नीट पाहिले की प्रकरणाचा खरा गुंता दिसतो. गंज दिसला तो राज्याच्या बांधकाम विभागाला. पण पुतळा त्या विभागाने बांधलेला नव्हता, म्हणून हात लावण्याऐवजी त्याने पत्र लिहिले. पत्र गेले नौदलाकडे. काम नौदलाच्या देखरेखीखाली झाले होते, पण पैसा राज्याचा होता आणि जागा राज्यात होती. पुतळा पडल्यावर राज्यातील मंत्र्यांनी नौदलाकडे बोट दाखवले. नौदलाने सांगितले की संकल्पना आणि देखरेख आमची असली तरी काम राज्य सरकारशी समन्वयाने झाले आणि निधीही राज्याने दिला. दोन्ही बाजूंचे म्हणणे कागदावर खरे होते. घोटाळा तिथेच होता.

तिसरे कार्यालय कला संचालनालयाचे. महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी महापुरुषांचा पुतळा उभारायचा तर शिल्पाला या संचालनालयाची मान्यता लागते. चेहरा, प्रमाण, पेहराव नीट आहे का, हे तिथे पाहिले जाते. राजकोटच्या वेळी संचालनालयापुढे सहा फुटांचे मातीचे प्रारूप आले आणि त्याला मान्यता मिळाली. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार असल्याची माहिती आपल्याला नव्हती, असे संचालनालयाने नंतर स्पष्ट केले. सहा फुटी मूर्ती आणि ३५ फुटी मूर्ती यांत फरक केवळ आकाराचा नसतो. उंची सहापट वाढली की वजन सहापटीपेक्षा कितीतरी अधिक वाढते, वाऱ्याचा दाब वाढतो आणि शिल्पाच्या पोटात इमारतीसारखा सांगाडा उभा करावा लागतो. तो सांगाडा तपासणे हे कला संचालनालयाचे काम नाही. मग ते कोणाचे? राजकोटच्या बाबतीत या प्रश्नाला एक उत्तर नव्हते.

सांगाडा महत्त्वाचा का, हे समुद्राकाठच्या कुणालाही सांगावे लागत नाही. खारी हवा खिडकीचे गज खाते, दुचाकीचा सायलेन्सर खाते, होडीच्या इंजिनाचे पान खाते. पुतळ्यात ब्राँझच्या पत्र्याला आतून लोखंडाचा आधार असेल आणि जोडणीत खारे पाणी शिरत असेल, तर दोन धातूंच्या संपर्कामुळे लोखंड आणखी वेगाने गंजते. बाहेरून पुतळा दिमाखदार दिसतो आणि आतला आधार मात्र रोज झिजत जातो. किनाऱ्यावर स्टेनलेस स्टील वापरले असते तर पुतळा पडला नसता, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले होते. चौकशी समितीच्या अहवालातही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आल्याचे वृत्त होते.

दुसऱ्या पुतळ्यात काय बदलले?

बऱ्याच गोष्टी बदलल्या, हे मान्य करायला हवे. काम निविदा काढून देण्यात आले. ते ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्या संस्थेला मिळाले. गुजरातमधला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारे सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातले. मान्यतेसाठी आधी फायबरचे प्रारूप मागवण्यात आले. आतल्या सांगाड्यासाठी स्टेनलेस स्टील आणि बाहेर जाड ब्राँझ वापरण्यात आले. पुतळा ६० फुटांचा, तलवारीच्या टोकापर्यंत ८३ फूट आणि चौथरा धरला तर नव्वदीच्या पुढे. अभियांत्रिकी तपासणीसाठी तज्ज्ञ संस्थांची मदत घेतल्याचे सरकारने सांगितले. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत पूजन झाले.

या सगळ्यात सर्वांत मोलाची अट कुणाच्या छायाचित्रात येणारी नाही. पुतळा शंभर वर्षे टिकेल असे काम हवे आणि पहिली दहा वर्षे देखभाल काम करणाऱ्यानेच करायची, असे निविदेत होते. म्हणजे गंज दिसला तर पत्र कुणाला पाठवायचे याचे उत्तर निदान २०३५ पर्यंत कागदावर आहे. पहिल्या वेळी नेमके हेच नव्हते. पूजनानंतर महिनाभरातच, जूनच्या पावसात, चौथऱ्याभोवतालची जमीन खचल्याच्या बातम्या आल्या आणि पुन्हा मालवणकरांच्या पोटात गोळा आला. पाया सुरक्षित असल्याचा खुलासा बांधकाम विभागाने केला.

देखभालीला पैसा का मिळत नाही?

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन मोठे भाग असतात. नवी इमारत, रस्ता, पूल, पुतळा हा भांडवली खर्च. पगार, वीज, रंगकाम, गवत काढणे, दुरुस्ती हा महसुली खर्च. भांडवली खर्चातून ‘मालमत्ता’ उभी राहते, म्हणून त्याकडे विकास म्हणून पाहिले जाते. महसुली खर्च वाढला की वित्त विभाग डोळे वटारतो. तूट भरून काढायची वेळ आली की सर्वांत आधी कात्री लागते ती दुरुस्तीला, कारण यंदाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली तर दुसऱ्या दिवशी काही कोसळत नाही.

शिवाय भांडवली कामाला भूमिपूजन असते, अनावरण असते, कोनशिला असते. तटबंदीतले वडाचे रोप उपटल्याबद्दल आजवर कुठे कोनशिला बसलेली नाही. हा एका पक्षाचा किंवा एका सरकारचा दोष नाही. मुंबईजवळच्या अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाची कल्पना काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या काळात पुढे आली, भाजप-शिवसेना सरकारच्या काळात २४ डिसेंबर २०१६ रोजी त्याचे जलपूजन झाले, प्रकल्पाचा आकडा ३,६०० कोटींवर गेला आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात काम थांबले. त्यानंतर आलेल्या कोणत्याही सरकारने स्मारक रद्द केले नाही, पण ते पुढेही सरकले नाही.

समोरचा किल्ला कशाच्या जोरावर उभा आहे?

राजकोटवरून समुद्राकडे पाहिले की कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये मालवणच्या किनाऱ्यावर, आज मोरयाचा धोंडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकावर पूजन होऊन काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला, असे सांगितले जाते. बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकरांकडे होती. पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवल्याची आणि किल्ल्याला एक कोटी होन लागल्याची आख्यायिका मालवणात प्रत्येक वाटाड्या सांगतो. आकड्याची खातरजमा इतिहासकारांवर सोडली तरी एवढे नक्की की स्वराज्याच्या तिजोरीच्या मानाने हा अवाढव्य खर्च होता. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वखारी थाटून बसलेले इंग्रज-डच यांच्यासमोर स्वतःचे आरमार ठेवायचे तर त्याला हक्काचा तळ हवा होता. राजकोट, सर्जेकोट आणि पद्मगड हे या मुख्य किल्ल्याच्या रक्षणासाठी होते. आजच्या भाषेत तो संरक्षण खर्च होता, देखावा नव्हता.

किल्ल्याची देखभाल तेव्हाही ऐच्छिक नव्हती. गडावरची इमारत, दारूगोळा, धान्यसाठा, पाण्याची टाकी यांची जबाबदारी नेमून दिलेली असे. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. भोवती सगळे खारे पाणी असलेल्या बेटावर त्या साफ ठेवणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

शिवरायांचे स्मारक म्हणावे असे मंदिरही या किल्ल्यातच आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये, शिवराजेश्वर मंदिर उभे राहिले. इथली मूर्ती नेहमीच्या चित्रांहून वेगळी आहे. दाढी नाही, घोडा नाही, महाराज बसलेले आहेत. उंचीच्या शर्यतीत ही मूर्ती कुठेच नाही, तरी तीनशे वर्षांहून अधिक काळ तिची पूजा होते आहे.

आज सिंधुदुर्ग हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. म्हणजे त्याची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, राज्याची नाही. कायद्याने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मोजकी कुटुंबे आहेत. त्यांना घराची डागडुजी करायची तरी नियम पाहावे लागतात. लाटांचा मारा, दगडांतला चुना निघून जाणे आणि फटीत रुजलेली झाडे ही तटबंदीची जुनी दुखणी आहेत. पावसाळ्यात किल्ल्यावरची होडी वाहतूक बंद असते. म्हणजे समुद्र तटबंदीला सर्वाधिक झोडपतो त्या महिन्यांत ती पाहायला पर्यटक नसतात.

जागतिक वारसा झाला म्हणून पैसा येणार का?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत ‘भारतातील मराठा लष्करी स्थळे’ म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्गासह याच जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे. एका जिल्ह्यात दोन जागतिक वारसा किल्ले ही मोठी गोष्ट आहे. बारापैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या अखत्यारीत असून उरलेले आठ केंद्राकडे आहेत. त्यांतला जिंजी तमिळनाडूतला.

पण या यादीसोबत युनेस्कोचा धनादेश येत नाही, हे स्पष्ट असलेले बरे. जे येते ते बंधन असते. स्थळाचा व्यवस्थापन आराखडा ठेवावा लागतो, ठरावीक काळाने स्थितीचा अहवाल द्यावा लागतो आणि परिसरातल्या मोठ्या बांधकामाचा वारशावर काय परिणाम होईल हे तपासावे लागते. किल्ल्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपयोगी घटना ठरू शकते ती याच कारणाने. आतापर्यंत दुरुस्ती टाळली तर विचारणारे कुणी नव्हते.

‘छावा’नंतर स्मारके कशी जाहीर झाली?

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला हा हिंदी चित्रपट छत्रपती संभाजी महाराजांच्या आयुष्यावर आहे. सिंधुदुर्गाच्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरजवळच्या कसब्यात, फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. कोकणात ही जागा सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याची खंतही जुनीच होती. चित्रपट आल्यानंतर मात्र महिनाही लागला नाही. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात संगमेश्वरला संभाजी महाराजांचे आणि आग्ऱ्याला शिवाजी महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली.

यात वाईट काय, असा प्रश्न रास्त आहे. दुर्लक्षित जागेकडे चित्रपटामुळे लक्ष गेले तर चांगलेच. अडचण पुढची आहे. मागणी चित्रपटाच्या गर्दीतून आली की स्मारकाचे रूपही चित्रपटासारखेच व्हावे असे वाटू लागते : भव्य, दुरून दिसणारे, प्रकाशात उजळलेले. कसब्यात संगमेश्वराच्या संगमाकाठी जुनी मंदिरे आहेत, त्यांत कर्णेश्वराचे कोरीव मंदिर आहे. कसबा हे गावच एक ऐतिहासिक ठिकाण आहे. तिथला पैसा आहे ते जपण्यावर जाईल की नवे उभारण्यावर, हे ठरणे अजून बाकी आहे.

‘करमुक्त’ म्हणजे नक्की काय होते?

‘छावा’च्या वेळी गोवा आणि मध्य प्रदेशने तो करमुक्त केला आणि महाराष्ट्रात तशीच मागणी झाली. महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ मध्येच कायमचा रद्द केला आहे, त्यामुळे वेगळी करमाफी देण्यासारखे काही उरले नाही, असे उत्तर मुख्यमंत्री फडणवीस यांनी दिले. हे उत्तर अर्धे समजून घेतले जाते.

ब्रिटिश काळापासून, मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने, नाटक-सिनेमाच्या तिकिटावर करमणूक शुल्क होते. तो राज्याचा स्वतःचा कर असल्याने राज्य तो सरसकट माफ करू शके. मराठी चित्रपटांना ही माफी होतीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा कर त्यात विरघळला. आज १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. त्यातले नऊ टक्के केंद्राचे, नऊ राज्याचे. केंद्राचा वाटा राज्य माफ करू शकत नाही आणि एका चित्रपटासाठी जीएसटीचा दरही बदलू शकत नाही. मग ‘करमुक्त’ म्हणजे राज्याने आपला नऊ टक्के वाटा सोडून देणे किंवा तिजोरीतून परत करणे. २०० रुपयांच्या मूळ तिकिटावर कर ३६ रुपये. करमाफीनंतर प्रेक्षकाचे वाचतात १८.

असे महाराष्ट्रात झालेलेही आहे. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन राज्य सरकारने ‘तान्हाजी’ला याच मार्गाने सवलत दिली होती. म्हणजे करमुक्ती हा कायद्याने बंद झालेला दरवाजा नाही. तो आता अनुदानाचा दरवाजा आहे. पूर्वी सरकार न येणारा पैसा सोडत होते, आता आलेला पैसा देते. तिकीटबारीवर आधीच यशस्वी झालेल्या चित्रपटाला हे अनुदान मिळते आणि त्यावर खर्च किती झाला याची चर्चा कधी होत नाही, कारण कुणी त्याला खर्च म्हणतच नाही.

महोत्सवांचे काय?

२०२३ हे राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात महोत्सवासाठी ३५० कोटी, पाच शहरांत शिवचरित्रावरील उद्याने आणि दृकश्राव्य सुविधांसाठी २५० कोटी आणि शिवकालीन किल्ल्यांच्या संवर्धनासाठी ३०० कोटी अशा तरतुदी जाहीर झाल्या. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की प्राधान्यक्रम कळतो. सोहळा आणि दृकश्राव्य मिळून ६००, सगळे किल्ले मिळून ३००. महोत्सवाच्या वर्षाला इतिहासाच्या वर्षापेक्षा वेगळे मोजमाप असते हे खरे, आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’सारख्या महानाट्याचे प्रयोग पाहून कितीतरी मुले पहिल्यांदा किल्ल्यावर जातात हेही खरे. त्या मुलाने किल्ल्यावर पोहोचल्यावर तट शाबूत असावा, एवढीच अपेक्षा.

समुद्राखाली जाणारे जहाज

इतिहास आणि मनोरंजन यांची सांगड घालणारा नवा प्रकल्पही याच जिल्ह्यात आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालय, कृत्रिम प्रवाळ आणि पाणबुडीतून पर्यटन असा बेत आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. हा पैसा राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी मिळणाऱ्या विशेष साहाय्यातून आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज आहे. तारकर्ली-मालवणच्या स्कूबा व्यवसायाला याचा फायदा होऊ शकतो. मात्र इथेही तोच प्रश्न आहे. बुडवायला एकदाच पैसा लागतो. त्यानंतर दरवर्षी पाणबुड्याची तपासणी, सुरक्षेच्या दोऱ्या, खुणेचे तरंगे आणि बंद हंगामातली राखण यांचा खर्च भांडवली कर्जातून येणार नाही.

आणि दशावतार?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेल्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताने राज्यभरातल्या प्रेक्षकांना रडवले. ज्या कलेवर तो बेतला आहे ती सिंधुदुर्गात चित्रपटाआधी कित्येक पिढ्या जिवंत आहे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर अशा जुन्या नावांची आणि कितीतरी नव्या मंडळांची गावोगाव ये-जा सुरू होते. देवळाच्या मांडावर रात्री उशिरा नाटक उभे राहते, पहाटे दहीकाल्याने संपते. लिखित संहिता नाही, संवाद उत्स्फूर्त. बायकांची कामे पुरुष करतात. दिवसा हेच कलाकार शेतात, रिक्षावर किंवा दुकानात असतात. खर्च देवस्थान आणि गाव भागवते. पोर्तुगीज आले, इंग्रज आले, टीव्ही आला, तरी सरकारी तरतुदीवाचून चाललेली ही बहुधा जिल्ह्यातली सर्वांत जुनी सार्वजनिक करमणूक आहे.

सरकारचा थेट संबंध येतो तो उतारवयात. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत निवड झालेल्या ५० वर्षांवरील कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मिळतात. २०२४ मध्ये ही वाढ झाली. त्याआधी श्रेणीनुसार ही रक्कम २,२५० ते ३,१५० रुपये होती. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० नवे कलावंत निवडता येतात. दशावतारी, भजनी बुवा, कीर्तनकार, चित्रकथी, शाहीर सगळे याच शंभरात.

हिशेब करून पाहायला हरकत नाही. एका कलावंताला वर्षाला ६०,००० रुपये, शंभर जणांना ६० लाख. पुतळ्याच्या ३१ कोटी ७५ लाखांत सुमारे ५३० कलावंतांचे दहा वर्षांचे मानधन बसते. ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही. पुतळा एकदाचा भांडवली खर्च आहे, मानधन दर महिन्याचा महसुली. पण दोन आकड्यांतले अंतर इतके का, याचे उत्तरही त्याच दोन शब्दांत आहे. मानधनासाठी कलावंताला आपण कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात : प्रयोगांची पत्रके, कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे. आयुष्यभर देवळाच्या मांडावर, छापील पत्रिकेशिवाय, पेट्रोमॅक्सच्या उजेडात राजा किंवा राक्षस झालेल्या माणसाकडे ती असतातच असे नाही.